संकरित नेपियर: कोणते ठोंब घ्यावे, कोणते सोडावे

मोबाइलवर वैरणीची जाहिरात आली की चित्र ठरलेले असते: पंधरा फूट उंच गवत, त्यात हात वर करून उभा असलेला शेतकरी, मनगटाएवढे जाड कांड आणि खाली ‘एकरी २०० टन’. ठोंब विकणाऱ्याला उंची दाखवणे सोपे जाते. दुभत्या गाईला पान लागते. ज्या गवताचे कांड मनगटाएवढे झाले आहे ते कापायची वेळ महिनाभरापूर्वीच टळून गेलेली असते आणि त्यातले निम्मे गव्हाणीतून चगळ म्हणून उकिरड्यावर जाते. म्हणून बाजारात मिळणाऱ्या नेपियरच्या जाती इथे एकाच कसोटीवर पाहिल्या आहेत: गोठ्यात आणलेल्या शंभर किलोंपैकी गाईच्या पोटात किती जाते आणि त्यातून दूध किती निघते.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. संकरित नेपियर हा बाजरी आणि हत्ती गवत यांचा संकर आहे. त्याला तुरा येतो, पण उगवणारे बी धरत नाही. लागवड कांड्यांनी किंवा मुळासकटच्या ठोंबांनीच होते. ‘सुपर नेपियरचे अस्सल बियाणे’ म्हणून पाकीट कुणी पाठवत असेल तर आत काहीही असू शकते, नेपियर नसते. बहुधा चारा बाजरी किंवा गिनी गवत निघते, कधी काहीच उगवत नाही. हा व्यवहार तिथेच थांबवा.

आता जाती. बागायती, मध्यम ते भारी आणि निचऱ्याच्या जमिनीसाठी आमची पहिली पसंती फुले जयवंत, म्हणजे आरबीएन-१३. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ही जात. पाने लांब, रुंद आणि मऊ, कुसळ नसलेली, त्यामुळे कापणाऱ्याच्या हातांना आणि गाईच्या तोंडाला त्रास होत नाही. वेळेवर कापली तर प्रथिने दहा टक्क्यांच्या आसपास राहतात आणि ऑक्झॅलेटचे प्रमाण जुन्या जातींपेक्षा कमी असते. ऑक्झॅलेट इतके महत्त्वाचे का, ते पुढे येईलच. याच विद्यापीठाची आधीची यशवंत, म्हणजे आरबीएन-९, आजही अनेक बांधांवर आहे. ती वाईट नाही, पण नवीन लागवड करताना जयवंत किंवा तिच्यानंतर आलेली फुले गुणवंत मिळत असेल तर यशवंतवर जागा अडवू नये.

दुसरी पसंती डीएचएन-६. भारतीय गवत व चारा संशोधन संस्थेच्या धारवाड केंद्राने ती काढली, कर्नाटकात ‘संपूर्णा’ नावाने ओळखतात. हिची खरी ताकद फुटव्यांत आहे. कांड बारीक, फुटवे भरपूर, पानांचा वाटा मोठा. कुट्टी यंत्र (चारा बारीक कापणारे यंत्र) नसलेल्या गोठ्याला ही जयवंतपेक्षाही सोयीची, कारण बारीक कांड गाय आख्खे खाते. कोल्हापूर, सांगली, सोलापूर पट्ट्यात ठोंब मिळायला अडचण येत नाही.

कोइम्बतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठाच्या सीओ-४ आणि सीओ-५ या दोन जातींत आम्ही सीओ-५ निवडू. सीओ-४ चे कांड रसाळ आणि गोडसर असते, गाई आवडीने खातात, पण पावसाळ्यात भरपूर नत्र मिळाले की ती लोळते आणि लोळलेल्या गवताची खालची पाने सडतात. उरुळी कांचनच्या बायफ संस्थेची बीएनएच-१० सुद्धा चांगली. बायफचे काम असलेल्या भागात तिचे खात्रीचे ठोंब जवळपास मिळत असतील तर लांबून जयवंत मागवण्यापेक्षा हीच लावा.

आणि सुपर नेपियर. याचे मूळ नाव पाकचोंग-१, थायलंडचे. वाढीचा वेग जबरदस्त आहे, कुसळ नाही, टनेज भरपूर, हे सगळे खरे. १६ ते १८ टक्के प्रथिनांचा दावा मात्र नीट समजून घ्यायला हवा. भरपूर नत्र दिलेल्या कोवळ्या गवताच्या नुसत्या पानांत असा आकडा येऊ शकतो. गव्हाणीत पडते ते पान आणि कांड मिळून आख्खे ताट, आणि ४५-५० दिवसांच्या आख्ख्या ताटात तो येत नाही. त्याच वयाला, त्याच खतावर कापलेल्या जयवंतपेक्षा फार वेगळे काही हाती लागत नाही. पाकचोंगची खरी अडचण त्याच्या वेगातच आहे. दहा दिवस कापणी लांबली की कांड जाड आणि कडक होते. दहा-बारा गाई, विजेवर चालणारे कुट्टी यंत्र आणि कापणीची शिस्त असेल तर ते लावा. दोन-तीन गाईंच्या गोठ्यात, जिथे लग्नसराईत किंवा सुगीत कापणी हमखास मागे पडते, तिथे ते लावू नये.

‘फोर-जी बुलेट’, ‘रेड’, ‘स्मार्ट’ अशी नावे ऐकली की विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: ही जात कोणत्या विद्यापीठाने किंवा संस्थेने प्रसारित केली? उत्तर मिळाले नाही तर त्या नावासाठी कांडीवरच्या एका डोळ्यामागे (कोंब फुटतो त्या जागेमागे) एक पैसाही जादा देऊ नका. गवत कदाचित बरे निघेल, पण नेमके काय लावले आहे ते तुम्हाला कधी कळणार नाही.

ठोंब विकत घेताना

भाव विचारताना ‘डोळ्याचा की कांडीचा’ हे आधी ठरवा, निम्मे गैरव्यवहार इथेच होतात. ३ × २ फुटांवर लागवड केली तर एकरात साधारण ७,२५० जागा येतात. प्रत्येक जागी दोन डोळ्यांची एक कांडी धरली तर ७,२५० कांड्या, म्हणजे १४,५०० डोळे. ‘एक रुपया’ हा भाव कांडीचा आहे असे समजून मागवले आणि बिल डोळ्यांवर आले की खर्च दुप्पट. शिवाय पाकचोंगचे फुटवे पसरतात, त्याला ३ × २ पेक्षा दाट लावायचा सल्ला देणारा माणूस कांड्या खपवतो आहे एवढेच समजा.

कांडी साडेतीन-चार महिन्यांच्या बेण्याची हवी. शेंड्याकडचा कोवळा तुकडा मातीत सडतो, अगदी बुडख्याचा उशिरा फुटतो, मधला भाग उत्तम. डोळा फुगीर आणि शाबूत असावा. कांडी तिरकी कापून आत पाहा: गर पांढरट-हिरवट आणि ओला असेल तर ठीक, लालसर किंवा तपकिरी असेल, आंबूस वास येत असेल तर ती फेकायची. प्लास्टिकच्या बंद पिशवीत आलेले बेणे प्रवासात तापून असेच उकडते, म्हणून ओल्या गोणपाटात बांधून मागवा आणि तोडल्यापासून दोन-तीन दिवसांत लावा. तुटाळी (न फुटलेल्या कांड्यांच्या जागा) भरायला शंभरामागे दहा कांड्या जास्त घ्या, त्या कडेला दाटीने लावून ठेवा. लावताना कांडी तिरकी खोचायची, एक डोळा मातीत आणि एक वर. डोळ्याचे तोंड वरच्या दिशेने आहे ना ते पाहा. उलट्या खोचलेल्या कांड्या बऱ्याच ठिकाणी दिसतात आणि ‘बेणे खराब निघाले’ अशी तक्रार होते.

घाई नसेल तर सगळ्या एकराचे बेणे विकत घेऊच नये. दोन गुंठ्यांपुरत्या, म्हणजे ३६०-३७० कांड्या खात्रीच्या ठिकाणाहून आणा: कृषी विद्यापीठ, कृषी विज्ञान केंद्र, पशुसंवर्धन खात्याचे प्रक्षेत्र किंवा तुमच्या दूध संघाचा वैरण मळा. चार महिन्यांत त्याच दोन गुंठ्यांतून एकराचे बेणे निघते, तेही गवत तुमच्या जमिनीत कसे येते ते डोळ्यांनी पाहिल्यानंतर. बहुतेक दुभत्या गोठ्यांना हाच मार्ग परवडतो.

कापणीचे वय

जातीपेक्षा कापणीच्या वयाने जास्त फरक पडतो. ढोबळमानाने संकरित नेपियरमध्ये महिन्याला १२ टक्क्यांच्या वर असलेली प्रथिने ४५ दिवसांना १० वर, ६० दिवसांना ८ वर आणि ९० दिवसांना ५-६ टक्क्यांवर येतात. (हे सगळे आकडे कोरड्या वजनावरचे आहेत. हिरव्या गवतात चार पंचमांश पाणीच असते.) मग महिन्यालाच का कापू नये? कारण कोवळ्या गवतात पाणी जास्त, ऑक्झॅलेट जास्त, गाईचे शेण पातळ होते, आणि खोडक्याला मुळांमध्ये अन्नाचा साठा करायला वेळ न मिळाल्याने दोन वर्षांत ठोंब विरळ होतात. पहिली कापणी लागवडीनंतर ६५ ते ७५ दिवसांनी, पुढच्या ४५ ते ५० दिवसांनी. उंचीने सांगायचे तर कमरेच्या वर आणि छातीपर्यंत. डोक्यावर गेले की उशीर झाला.

घरच्या घरी तपासायचे असेल तर एक किलो गवत उभे कापून आणा, पाने ओरबाडून वेगळी करा आणि तागडीत टाका. पाने निम्म्याहून जास्त भरली पाहिजेत. ४०० ग्रॅमच्या खाली आली तर त्या गवतावर दूध टिकणार नाही, ते भाकड गाई आणि बैलांना घाला. दुसरी तपासणी सकाळी गव्हाणीत होते. टाकलेल्या वैरणीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त चगळ राहते आणि त्यात कांडेच दिसतात, म्हणजे पुढचा वाफा आठवडाभर आधी कापायला घ्या.

कापताना जमिनीपासून चार ते सहा बोटे नव्हे, चार ते सहा इंच ठेवा. अगदी जमिनीसरशी कापले की खालचे डोळे जातात आणि पावसाळ्यात कापलेल्या तोंडातून पाणी शिरून खोडके कुजते. फार वर कापले तर फुटवे हवेत लटकतात, मुळे धरत नाहीत. प्रत्येक कापणीनंतर एकरी अर्धी गोणी युरिया पुरतो, ४५ किलोंची गोणी धरून. वर्षातून एकदा एकरी दहा टन शेणखत आणि मातीची भर. तीन-चार वर्षांनी ठोंब मध्ये पोकळ होऊन कडेने वाढू लागतात, तेव्हा मोडून नवीन लागवड करावी.

युरिया टाकला की लगेच कापायचे नाही. खत, मग पाण्याचा ताण, मग ढगाळ हवा असा क्रम जुळला की गवतात नायट्रेट साठते, मुख्यतः कांडाच्या खालच्या भागात. गाय धापा टाकते, रक्त चॉकलेटी रंगाचे होते आणि तासाभरात मामला हाताबाहेर जातो. युरियानंतर किमान तीन आठवडे आणि ताण तुटल्यावर आठ-दहा दिवस कापणी थांबवा.

ऑक्झॅलेटचे काय करायचे

नेपियरमधले ऑक्झॅलेट गाईच्या पोटात कॅल्शियमला धरते आणि ते कॅल्शियम शेणावाटे निघून जाते. दूध देणाऱ्या गाईला कॅल्शियमची गरज सगळ्यात जास्त असते. नुसत्या नेपियरवर ठेवलेल्या गोठ्यात म्हणूनच ठरावीक तक्रारी दिसतात: माज नीट दिसत नाही, गाय उलटते (भरवूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येते), व्याल्यावर बसते, दूध हळूहळू उतरते. शेतकरी वीर्यमात्रेला नाहीतर पशुखाद्याला दोष देतो आणि गव्हाणीतल्या गवताकडे कुणी पाहत नाही. पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीच्या हंगामात वाढ्यांवर काढलेल्या गाईंचेही हेच होते, तिथे तर प्रथिनेही नसतात.

उपाय साधे आहेत. नेपियर एकदम सुरू न करता आठ-दहा दिवसांत वाढवत न्यावे, पोटातले जंतू तेवढ्यात ऑक्झॅलेट पचवायला सरावतात. सकाळी कापलेले गवत दुपारपर्यंत सुकवून कुट्टी करावी. गाईमागे रोज ५० ते ६० ग्रॅम चांगले खनिज मिश्रण, न चुकता. आणि हिरव्या चाऱ्यात द्विदल हवेच, कारण त्यातून कॅल्शियम आणि प्रथिने दोन्ही येतात.

द्विदल म्हणजे आपल्याकडे प्रामुख्याने लसूणघास. राहुरीची आरएल-८८ किंवा आणंदची आनंद-२, दोन्ही उत्तम, तीन वर्षे राहतात. प्रथिने १८ ते २० टक्के. पाच किलो हिरव्या लसूणघासात साधारण २०० ग्रॅम प्रथिने मिळतात, दोन लिटर दुधाला पुरतील एवढी. एकरी दहा किलो बी, फूटभर अंतराच्या ओळीत, रायझोबियम हे जिवाणू खत चोळून. पहिली कापणी ५०-५५ दिवसांनी, पुढे महिन्याला. बी घेताना निळी खूणचिठ्ठी असलेले प्रमाणित बियाणे घ्या, विद्यापीठाचे सत्यप्रत बियाणे असेल तर हिरवी चिठ्ठी असते. सुटे बी स्वस्त मिळते, पण त्यात अमरवेलीचे बी आले की पिवळे धागे एका हंगामात सगळा वाफा खातात आणि मग पीक जाळण्यावाचून इलाज राहत नाही. पाणी साचणाऱ्या काळ्या रानात लसूणघास मुळाने कुजते, तिथे पावसाळ्यात चवळी पेरा. गाईला लसूणघास कधीही ओले, दव असलेले आणि उपाशीपोटी घालू नये, पोटफुगी होते. आधी थोडा कडबा, मग नेपियरच्या कुट्टीत मिसळून लसूणघास.

सगळे मिळून किती, तर ४५० किलो वजनाच्या, रोज बारा लिटर देणाऱ्या संकरित गाईला पाणी वजा जाता साडेतेरा किलो कोरडे खाद्य लागते. त्यातले नऊ किलो वैरणीतून द्यायचे: २५ किलो नेपियर किंवा मका, ६ किलो लसूणघास आणि ३ किलो ज्वारीचा कडबा. उरलेले साडेचार किलो पशुखाद्य. जमिनीत याचा हिशेब गाईमागे सहा गुंठे नेपियर आणि अडीच गुंठे लसूणघास असा बसतो, नेपियरचे एकरी ६० टन धरून. जाहिरातीतले २०० टन धरून जमीन काढली तर मार्चमध्ये वैरण विकत आणावी लागेल. नेपियरचे सहा-सात वाफे करा आणि आठवड्याला एक असे पाळीने कापा, म्हणजे रोज एकाच वयाचे गवत मिळते.

थंडीत रात्रीचे तापमान १५ अंशांच्या खाली गेले की नेपियर जागेवर थांबते. डिसेंबर-जानेवारीची ही खिंड मक्याच्या मुरघासाने (हवाबंद साठवून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याने) भरून काढावी. नेपियरचा मुरघास करू नये असे नाही, पण साखर कमी आणि पाणी जास्त असल्याने तो बिघडतो: दिवसभर सुकवून, शंभर किलोला दोन-तीन किलो उसाची मळी (मोलॅसिस) मिसळून भरावा लागतो. मक्याला ही कटकट नाही. आफ्रिकन टॉल ही मक्याची जात एकरी ३० किलो पेरा. हिरवा घालायचा तर फुलोऱ्यात कापा, मुरघासासाठी दाणा दुधाळ टप्प्याच्या पुढे जाऊन चिकात आला की, साधारण ८०-९० दिवसांनी. कुट्टी अर्धा ते एक इंच. पिशवी भरताना थरथर तुडवून हवा काढा, मऊ लागणारी पिशवी आतून बुरशी धरते. ४५ दिवसांनी उघडा.

मुरघासाची सोय नसलेले बरेच जण या खिंडीत आणि उन्हाळ्यात चाऱ्याच्या ज्वारीकडे वळतात. रुचिरा, फुले अमृता या जाती चांगल्या आहेत, पुन्हा पुन्हा कापायची सीओएफएस-२९ सुद्धा. पण ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यात सायनाइड तयार करणारे द्रव्य असते, गुरांना त्याने किराळ लागते. गुडघाभर उंचीची, पाण्याच्या ताणाने सुकलेली किंवा कापणीनंतर नुकती फुटलेली ज्वारी दाव्याच्या टप्प्यातही येऊ देऊ नका. निम्मे शेत फुलोऱ्यात आल्यावर कापा. शंका असेल तर कापून पूर्ण वाळवा आणि कडबा म्हणून घाला, वाळताना विषाचा जोर बराच उतरतो. गाय थरथरत खाली पडली, तोंडाला फेस आला, तर घरगुती उपायात वेळ घालवू नये. डॉक्टरांना फोनवरच सांगावे की गाईने कोवळी ज्वारी खाल्ली आहे, म्हणजे सोडियम थायोसल्फेट आणि सोडियम नायट्राइट घेऊनच ते निघतील.